दारात येणारा माणूस कोणाचा? कॉलेज बास्केटबॉलच्या रिक्रूटिंगमध्ये कुटुंबाने सचोटी कशी राखावी

जुलै महिन्यातील एका स्पर्धेत सामना संपवून माझा मुलगा घाम पुसत कोर्टाबाहेर आला, तेव्हा त्याच्या हातात नव्या बुटांचा खोका होता. कोणी दिला असे विचारल्यावर त्याने गर्दीकडे बोट दाखवले. पण तो माणूस तोवर निघून गेला होता. खोक्यावर ना नाव होते, ना चिठ्ठी, ना दुकानाची पावती. आतले बूट नेमके तेरा नंबरचे होते. बूट फुकट मिळाले याचे मला तेव्हा फारसे काही वाटले नाही. परंतु ज्या माणसाला आम्ही कधी पाहिलेही नव्हते, त्याला माझ्या मुलाच्या पायाचे माप ठाऊक होते, या एका गोष्टीने त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोका आम्ही संघाच्या प्रशिक्षकांकडे परत दिला. तेव्हापासून पुढची दोन वर्षे विचारत, वाचत आणि कधी चुकत जे शिकलो, ते इथे मांडत आहे.

हे लेखन मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या अशा मराठी आईवडिलांसाठी आहे, ज्यांचा मुलगा किंवा मुलगी शाळेच्या संघाबरोबरच उन्हाळ्यात ट्रॅव्हल टीमकडून, म्हणजे गावोगावी स्पर्धा खेळणाऱ्या शाळेबाहेरच्या संघाकडून, खेळते आणि ज्यांच्याकडे आता कॉलेजांचे निरोप येऊ लागले आहेत. अभ्यासाच्या जोरावर कॉलेजप्रवेश कसा मिळवायचा, हे आपल्या समाजात दहा घरांत विचारून कळते. या वाटेने मात्र आपल्या ओळखीत सहसा कोणी गेलेले नसते. शिवाय आपण लहानपणापासून शिकवणाऱ्याला सर म्हणत आलो आहोत आणि सरांना पैशाविषयी प्रश्न विचारणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. या क्षेत्रात तो संकोच महागात पडतो, म्हणून तो आधी बाजूला ठेवावा.

पैशाची वाट ओळखणे

पहिले काम म्हणजे आपल्या मुलाभोवती पैसा कुठून कुठे वाहतो आहे, ते एका कागदावर लिहून काढणे. सॉनी व्हकारो या माणसाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस नाइकीसाठी कॉलेज प्रशिक्षकांशी करार करण्याची पद्धत सुरू केली. प्रशिक्षकाला मानधन आणि संघाला फुकट बूट असा तो व्यवहार होता. १९८४ पासून त्याने शाळकरी खेळाडूंसाठी निवडक शिबिरही भरवले आणि बूट-कंपन्यांची नजर कॉलेजवरून थेट शाळेतल्या मुलांवर गेली. आज नाइकीची ईवायबीएल, आदिदासची थ्री स्ट्राइप्स सिलेक्ट आणि अंडर आर्मरची अशी तीन मोठी उन्हाळी वर्तुळे, म्हणजे स्पर्धामालिका, आहेत. त्यांत खेळणाऱ्या ट्रॅव्हल टीमला कंपनीकडून साहित्य मिळते आणि अनेकदा प्रवासाचा खर्चही मिळतो. यात बेकायदा काही नाही, आणि हजारो मुलांना यामुळेच मोठ्या कोर्टावर खेळायला मिळते. पण आपल्या मुलाचा प्रशिक्षक ज्या कंपनीच्या पैशावर संघ चालवतो, त्याच कंपनीचा करार असलेल्या कॉलेजांची तो अधिक स्तुती करू लागला, तर त्यामागचे कारण आपल्याला माहीत असले पाहिजे.

हे प्रकरण किती खोल जाऊ शकते, ते २०१७ मध्ये उघड झाले. २६ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्यातील केंद्रीय सरकारी वकिलांनी दहा जणांवरील आरोप जाहीर केले. त्यांत ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांचे चार सहायक प्रशिक्षक होते. आदिदासच्या क्रीडा-विपणन विभागातला जेम्स गॅटो हा अधिकारी होता, एजंटांसाठी खेळाडू गाठून देणारा ख्रिश्चन डॉकिन्स नावाचा तरुण होता, आणि खेळाडूंना सूट शिवून देणारा एक शिंपीही होता, जो पूर्वी एनबीएमध्ये पंच होता. ऑबर्नचे सहायक प्रशिक्षक चक पर्सन यांची लाच देणाऱ्या आर्थिक सल्लागाराशी गाठ घालून दिली ती या शिंप्यानेच. सहायक प्रशिक्षकांना पैसे दिले जात होते ते त्यांनी आपल्या खेळाडूंना पुढे विशिष्ट सल्लागाराकडे आणि एजंटाकडे वळवावे म्हणून. म्हणजे ज्या माणसावर मुलाचा सर्वांत अधिक विश्वास, त्या विश्वासाचाच भाव ठरला होता.

याच प्रकरणाचा दुसरा भाग अधिक वाईट आहे. लुईव्हिल विद्यापीठ आणि आदिदास यांच्यात त्या उन्हाळ्यात दहा वर्षांचा, १६ कोटी डॉलरचा करार जाहीर झाला होता. ब्रायन बोवेन या नावाजलेल्या शाळकरी खेळाडूने लुईव्हिल निवडावे म्हणून त्याच्या वडिलांना १ लाख डॉलर हप्त्याहप्त्याने देण्याचे ठरले आणि पहिला हप्ता पोचलाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये वडिलांनी न्यायालयात साक्ष देताना हे सांगितले. गॅटो, डॉकिन्स आणि आदिदासचा सल्लागार मर्ल कोड हे तिघे दोषी ठरले. गॅटोला ९ महिने आणि इतर दोघांना प्रत्येकी ६ महिने कैद झाली. न्यायालयाच्या दृष्टीने फसवणूक झाली होती ती विद्यापीठांची, कारण अपात्र खेळाडूला त्यांनी नकळत शिष्यवृत्ती दिली. लुईव्हिलचे मुख्य प्रशिक्षक रिक पिटिनो यांची नोकरी गेली. आपल्याला यातले काही माहीत नव्हते असे ते सांगत राहिले, ते पुन्हा कॉलेज संघाचे प्रशिक्षक झाले आणि पुढील स्वतंत्र चौकशीत त्यांच्यावर वैयक्तिक ठपका आला नाही. आपल्याला या पैशाची कल्पना नव्हती असे बोवेनचेही म्हणणे होते; पण तो मात्र कॉलेजचा एकही सामना खेळू शकला नाही आणि शेवटी ऑस्ट्रेलियातील सिडनी किंग्ज या व्यावसायिक संघाकडे गेला. मोठ्यांच्या व्यवहाराचा सर्वांत मोठा भुर्दंड एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने भरला, ही गोष्ट मी कधी विसरत नाही आणि प्रत्येक पालकाने ती आपल्या मुलाला नावानिशी सांगावी असे मला वाटते.

चार प्रश्न

मुलाच्या खेळाच्या निमित्ताने घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला, तो प्रशिक्षक असो, वैयक्तिक ट्रेनर असो, स्काउट असो की नुसता हितचिंतक, चार प्रश्न विचारण्याचा आम्ही नियम केला. ते चहा देतानाच, शांतपणे आणि आदराने विचारता येतात.

पहिला प्रश्न असा: तुम्हाला मानधन कोण देते? सरळ माणूस याचे उत्तर एका वाक्यात देतो. ट्रॅव्हल टीमचा प्रशिक्षक म्हणेल की अमुक कंपनी साहित्य देते आणि बाकी खर्च पालकांच्या फीमधून चालतो. उत्तर लांबले, विषय बदलला किंवा ‘मी हे सगळे मुलांसाठी करतो’ एवढेच ऐकू आले, तर वहीत तसे लिहून ठेवावे.

दुसरा प्रश्न: आमच्या मुलाने दुसरे कॉलेज निवडले तर तुमचे काय जाईल? हा प्रश्न ऐकून चांगले प्रशिक्षकही क्षणभर थबकतात, पण ते रागावत नाहीत. कॅन्सस सिटीमध्ये मायरन पिगी नावाचा एक उन्हाळी संघाचा प्रशिक्षक होता. त्याने १९९०च्या दशकात आपल्या पाच खेळाडूंना मिळून सुमारे ३५ हजार डॉलर दिले होते. तो दानशूर नव्हता. त्या मुलांच्या पुढच्या व्यावसायिक कमाईत आपला वाटा असावा, हा त्यामागचा हिशेब होता. खटला झाला आणि त्याला ३७ महिन्यांची कैद झाली. मुलाला आज दिलेले पैसे उद्या त्याच्यावरचे कर्ज होतात. अनेक घरांना हे तेव्हाच कळते, जेव्हा ते फेडायची वेळ येते.

याच प्रश्नाखाली ‘पॅकेज डील’ येते. मुलासोबत त्याच्या प्रशिक्षकाला किंवा ट्रेनरलाही कॉलेजात नोकरी मिळते आणि मुलाला वाटते की आपला माणूस आपल्याबरोबर येतो आहे. पुरुष बास्केटबॉलमध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने, २०१० पासून नियम केला की खेळाडूच्या प्रवेशाच्या आधीची दोन आणि नंतरची दोन वर्षे त्याच्याशी संबंधित व्यक्तीला प्रशिक्षकेतर पदावर नेमता येणार नाही. प्रत्यक्ष प्रशिक्षकपदाची वाट मात्र मोकळी राहिली. म्हणून ‘तुम्हीही त्या कॉलेजात जाणार असे ऐकतो, अर्ज केला आहे का?’ हे मुलाने नव्हे, पालकांनीच विचारावे.

तिसरा प्रश्न: आत्ता जे बोललात ते ईमेलवर लिहून पाठवाल का? चौथा प्रश्न: हे आम्ही कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला कळवले तर तुमची हरकत नाही ना? प्रत्येक डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातील, विद्यापीठात नियमांचे पालन पाहणारे हे कार्यालय असते. तिथे फोन करणे म्हणजे तक्रार करणे नव्हे. आम्ही चार वेळा फोन केला आणि चारही वेळा नीट, सविस्तर उत्तर मिळाले. ज्याला चौथ्या प्रश्नाची भीती वाटते, त्याच्याशी पुढे बोलू नये.

या सर्वांत ओळखायला सर्वांत अवघड माणूस म्हणजे कोणत्याही पदावर नसलेला काका. मिशिगन विद्यापीठाच्या प्रकरणातील एड मार्टिन हा फोर्ड कंपनीतून निवृत्त झालेला इलेक्ट्रिशियन होता. डेट्रॉइटमधल्या होतकरू मुलांशी तो त्यांच्या शाळेपासून घरोबा ठेवत असे. चार खेळाडूंना मिळून त्याने ६,१६,००० डॉलर कर्जाऊ दिले आणि तो पैसा बेकायदा जुगारातून आलेला होता. हे सगळे उजेडात येण्याची सुरुवात झाली ती १९९६ मधल्या एका मोटारअपघाताने. कॉलेज पाहायला आलेला एक शाळकरी खेळाडू त्या गाडीत होता. २००२ मध्ये विद्यापीठाने स्वतःवर निर्बंध घालून घेतले आणि १९९२ व १९९३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम चार संघांत पोचल्याचे ध्वज उतरवले. एनसीएएच्या भाषेत अशा माणसाला बूस्टर म्हणतात, आणि एकदा बूस्टर ठरलेला माणूस कायमचा बूस्टर मानला जातो. त्याने दिलेले जेवण, विमानाचे तिकीट किंवा भावाला लावून दिलेली नोकरी या सगळ्यांची किंमत मुलाच्या पात्रतेत मोजली जाते.

आज काय चालते आणि काय चालत नाही

जुन्या पालकांकडून ऐकलेले सल्ले आता अपुरे पडतात, कारण नियम मुळापासून बदलले आहेत. १९८८ मध्ये केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल कार्यालयातून लॉस एंजेलिसला एका खेळाडूच्या वडिलांच्या नावाने गेलेले पाकीट कुरिअर कंपनीच्या गोदामात उघडले गेले आणि आतून पन्नास-पन्नासच्या वीस नोटा बाहेर पडल्या, असे तिथल्या कर्मचाऱ्यांनी सांगितले. सहायक प्रशिक्षक ड्वेन केसी यांनी आपण पैसे पाठवल्याचे कायम नाकारले आणि कंपनीवरचा त्यांचा दावा न्यायालयाबाहेर मिटला. पण त्या हजार डॉलरच्या आणि सोबतच्या इतर आरोपांनी केंटकीचा संघ दोन वर्षे बाद फेरीबाहेर राहिला. आज तेच विद्यापीठ आपल्या खेळाडूला त्याहून कितीतरी अधिक रक्कम उघडपणे, धनादेशाने देऊ शकते.

२१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात, खेळाडूंना मिळणाऱ्या शिक्षणविषयक लाभांवरील मर्यादांबाबत, एकमताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नाव, छबी आणि ओळखीच्या वापराबद्दल, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या एनआयएलमधून, पैसे घेता येऊ लागले. ६ जून २०२५ रोजी खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या हाउस खटल्यातील तडजोडीला मंजुरी मिळाली आणि तडजोड स्वीकारणारी विद्यापीठे २०२५–२६ या वर्षात सर्व खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट वाटू शकतील, असे ठरले. बाहेरच्या संस्थेशी केलेला ६०० डॉलरहून अधिक रकमेचा एनआयएल करार कॉलेजच्या खेळाडूने ‘एनआयएल गो’ या तपासणी-व्यवस्थेकडे नोंदवावा लागतो. करार बूस्टरशी संबंधित संस्थेचा असेल, तर त्यामागे खरा व्यावसायिक हेतू आहे का आणि रक्कम वाजवी आहे का, हे तिथे पाहिले जाते.

म्हणून पैसे घ्यावेत की घेऊ नयेत हा प्रश्न आता मागे पडला आहे. पैसे कोणाचे, कोणत्या कामाचे आणि कोणत्या कागदावर, हे तीन प्रश्न पुढे आले आहेत. माझ्या मते हा बदल न्याय्य आहे. ज्यांच्या घामावर मैदाने भरतात, त्या मुलांना इतकी वर्षे उपाशी ठेवणे हे नीतीचे लक्षण कधीच नव्हते. पण बाहेरचा प्रभाव त्यामुळे नाहीसा झाला नाही. त्याने फक्त रीतसर कपडे घातले. पूर्वी पाकीट लपवले जाई, आता तोंडी आश्वासन दिले जाते. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या सहा बास्केटबॉल खेळाडूंनी आपल्या मुख्य प्रशिक्षकांवर दावा लावला. प्रत्येकी अडीच लाख डॉलर मिळतील असे आपल्याला तोंडी सांगितले गेले आणि ते कधी मिळाले नाहीत, असा त्यांचा आरोप होता. आरोप खरा की खोटा, हे ठरवणे न्यायालयाचे काम. पालकांनी त्यातून घ्यायची गोष्ट इतकीच की कागदावर नसलेला आकडा कुटुंबाच्या निर्णयात धरू नये.

आणखी दोन गोष्टी इथेच सांगतो. एनआयएलचे उत्पन्न करपात्र असते आणि त्यातून कर आपोआप कापला जाईलच असे नाही, त्यामुळे पहिल्या धनादेशापासून एक भाग वेगळा ठेवावा. शिवाय शाळेत असताना एनआयएल चालते की नाही, हे प्रत्येक राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेवर अवलंबून असते. एका राज्यातल्या मित्राच्या मुलाला चालले म्हणून आपल्या मुलाला चालेल असे समजू नये. त्यात शाळेचा पूर्ण हंगाम जाऊ शकतो.

सही करण्याआधी

एजंटाविषयी बहुतेक पालक एक तर घाबरलेले असतात किंवा भारावलेले. दोन्ही टाळण्यासाठी कायदा माहीत असावा. २००४ च्या स्पार्टा या केंद्रीय कायद्यानुसार एजंटाने खोटी माहिती किंवा आश्वासन देऊन, अथवा करारापूर्वी खेळाडूला किंवा त्याच्या जवळच्यांना मौल्यवान वस्तू देऊन त्याला ओढणे बेकायदा आहे. करारावर सहीच्या जवळ ठळक अक्षरांत इशारा छापलेला असावा लागतो, आणि सही झाल्यावर ७२ तासांच्या आत किंवा पुढच्या सामन्याआधी, यांपैकी जे आधी येईल तोवर, विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना कळवावे लागते. बहुतेक राज्यांत याच्या जोडीला एजंटांचा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार एजंटाने राज्याकडे नोंदणी करायची असते आणि खेळाडूला सहीनंतर १४ दिवसांत करार रद्द करता येतो. तेव्हा बुटांचा खोका, फोन किंवा जेवणाचे आमंत्रण घेऊन आलेला एजंट पहिल्याच भेटीत कायदा मोडत असण्याची शक्यता असते, आणि जो पहिल्याच दिवशी कायदा मोडतो त्याच्या हाती मुलाचे पैसे सोपवण्यात शहाणपण नाही.

करार वाचताना मुदत, टक्केवारी आणि करार संपवण्याची अट ही तीन कलमे आधी वाचावीत. आम्हाला आलेल्या एका मसुद्यात चौथ्या पानावर, लहान टायपात, मुलाच्या भावी व्यावसायिक उत्पन्नातलाही हिस्सा मागितला होता, जरी तो करार फक्त कॉलेजच्या काळातील जाहिरातींसाठी आहे असे आम्हाला सांगण्यात आले होते. मसुदा आणणारा माणूस सज्जन दिसत होता, आमच्या घरी पुरणपोळी खाऊन गेला होता. वकिलाला दाखवण्यासाठी आम्ही दहा दिवस मागितले, तर त्याने ‘संधी शुक्रवारपर्यंतच आहे’ असे सांगितले. आम्ही शुक्रवार जाऊ दिला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. वकिलाची फी द्यावीच लागते आणि ती खेळाच्या खर्चातली सर्वांत सत्कारणी लागणारी रक्कम आहे.

ऑफर, भेट आणि निवड

पुरुष बास्केटबॉलमध्ये कॉलेजचे प्रशिक्षक खेळाडूशी दहावीनंतरच्या १५ जूनपासून थेट फोन आणि संदेशांनी बोलू शकतात. त्याआधी ‘अमुक कॉलेजला तुझ्यात फार रस आहे’ असा निरोप आला, तर तो कोणत्या तरी तिसऱ्या माणसाच्या तोंडून आलेला असतो, आणि निरोप पोचवणाऱ्याला त्याचे काहीतरी मोल मिळत असते. थेट फोन सुरू झाल्यावर या मधल्या माणसांची गरज बरीच कमी होते. प्रशिक्षकांना आपला स्वतःचा नंबर द्यावा आणि पुढचे बोलणे त्यावरच करावे.

तोंडी ऑफर कोणालाही बांधत नाही, ना कॉलेजला ना मुलाला. पूर्वीचे नॅशनल लेटर ऑफ इंटेंट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाले; आता आर्थिक साहाय्याचा लेखी करार हाच खरा कागद आहे. शिष्यवृत्ती एका वर्षाची आहे की अनेक वर्षांची, दुखापत झाली तर तिचे काय, आणि मुख्य प्रशिक्षक सोडून गेले तर काय, हे त्यातच पाहावे. कॉलेजच्या अधिकृत भेटीचा खर्च विद्यापीठ करते, अनधिकृत भेटीचा खर्च कुटुंबाने करायचा असतो. अनधिकृत भेटीचे तिकीट ‘कोणीतरी’ काढून देत असेल, तर तोच तो काका. भेटीला गेल्यावर मुलाने सध्याच्या खेळाडूंबरोबर प्रशिक्षक नसताना अर्धा तास घालवावा आणि एकच विचारावे: तुला इथे यायचे कोणी सुचवले?

अभ्यासाची बाजू लहान वाटते, पण याच ठिकाणी खोटेपणाची सुरुवात होते. डिव्हिजन वनसाठी १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (सरासरी गुणांक) लागतो. कोणी ‘गुणांचे आम्ही पाहून घेऊ’ म्हणाले, तर त्या दिवशीच निरोप घ्यावा. आयव्ही लीगमध्ये आणि डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, हेही आधी माहीत असावे. वरुण राम हा भारतीय वंशाचा मुलगा डिव्हिजन थ्रीच्या ट्रिनिटी कॉलेजातून मेरीलँडला शिष्यवृत्तीविना खेळाडू म्हणून गेला आणि मार्च २०१५ मध्ये व्हॅल्परायझोविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात शेवटच्या क्षणी त्याच्याच बचावामुळे मेरीलँड ६५–६२ असे जिंकले. 

आपला स्वतःचा हात

आतापर्यंत बाहेरच्या माणसांविषयी लिहिले. पण बोवेनच्या प्रकरणात पैसे घेणारा हात वडिलांचा होता, आणि उलट दिशेचे उदाहरणही आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे तत्कालीन मुख्य प्रशिक्षक जेरोम ॲलन यांनी फ्लोरिडातील एका श्रीमंत व्यावसायिकाकडून त्याच्या मुलाला बास्केटबॉलच्या यादीतून प्रवेश मिळवून देण्यासाठी लाच घेतली. २०१८ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि पुढे साक्षीत ही रक्कम सुमारे ३ लाख डॉलर असल्याचे सांगितले. मुलाला प्रवेश मिळाला, पण तो विद्यापीठाच्या संघाकडून कधी खेळला नाही. जिथे नामांकित विद्यापीठाचे नाव हे आपल्या समाजात सर्वांत मोठे आमिष असते, तिथे हे उदाहरण आपण स्वतःसाठी वाचावे. प्रशिक्षकांच्या शिबिराला देणगी, त्यांच्या मुलाला आपल्या कंपनीत इंटर्नशिप, दिवाळीची महागडी भेट या गोष्टी देताना आपल्याला त्या सौजन्याच्या वाटतात, पण मुलाच्या निवडीच्या काळात त्यांना दुसरे नाव पडते. मिठाईचा डबा द्यायचा असेल तर निवड पूर्ण झाल्यावर द्यावा.

भारतातून येणाऱ्यांसाठी

पुणे, मुंबई किंवा नागपूरहून खेळाच्या बळावर अमेरिकेत येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना एक वेगळा धोका असतो. ‘डिव्हिजन वनमध्ये जागा मिळवून देतो’ असे सांगून मोठी फी मागणारे सल्लागार त्यांना भेटतात. एनसीएएच्या पात्रता केंद्रात नाव नोंदवणे हे काम कुटुंब स्वतः, संकेतस्थळावर करू शकते आणि प्रशिक्षकांना खेळाचे व्हिडिओ थेट पाठवता येतात. भारतात एखाद्या लीगमध्ये मानधन घेऊन खेळले असेल, तर ते लपवू नये. अर्जात पहिल्याच वेळी लिहावे. एफ-१ व्हिसावर शिष्यवृत्ती घेता येते, पण अमेरिकेत काम करून पैसे मिळवण्यावर कडक मर्यादा असतात, आणि एनआयएलची जाहिरात हे काम धरले जाऊ शकते. सहखेळाडू करतो म्हणून आपणही करू नये. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आणि इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एकाही करारावर सही करू नये, कारण इथे पणाला लागतो तो व्हिसा.

चूक होऊन गेली असेल तर

कोणी तिकीट काढून दिले, कोणी घरभाड्याला मदत केली, कोणी मुलाच्या खात्यात पैसे टाकले आणि आपल्याला उशिरा कळले, असे घडते. अशा वेळी मुलाला दरडावू नये, कारण तो पुढचे सांगायचे थांबतो. खेळाडूकडून दरवर्षी पात्रतेच्या निवेदनावर सही घेतली जाते आणि एनसीएएच्या चौकशीत खोटे बोलणे हा स्वतंत्र नियमभंग मानला जातो. मूळ चूक अनेकदा रक्कम परत करून किंवा काही सामने बाहेर बसून निस्तरते, लपवाछपवी मात्र निस्तरत नाही. आधी वकिलाला भेटावे, मग काय मिळाले, कोणाकडून, कोणत्या तारखेला आणि किती, हे लिहून कंप्लायन्स ऑफिसला कळवावे.

आम्ही बुटांच्या खोक्याविषयी शाळेच्या क्रीडा संचालकांना पाठवलेला ईमेल चार ओळींचा होता: अमुक तारखेला, अमुक स्पर्धेत, आमच्या मुलाला एका अनोळखी व्यक्तीने बुटांचा जोड दिला, आम्ही तो न वापरता दुसऱ्या दिवशी सकाळी संघाच्या प्रशिक्षकांकडे परत दिला, सोबत खोक्याचा फोटो जोडला आहे, याची नोंद घेऊन पोच द्यावी. तीन दिवसांनी पोच आली. तिची छापील प्रत मुलाच्या जन्मदाखल्याच्या आणि गुणपत्रिकांच्या फाइलमध्ये ठेवली आहे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक फोनची, भेटीची आणि वस्तूची नोंद त्याच फाइलच्या मागच्या वहीत, तारीख घालून, मुलगा स्वतः करतो.